पार्किंगमधली उजळणी

रेणूचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. बाकीचं नंतर कळलं. रविवारी सकाळी तिचे बाबा, माझा जुना मित्र माधव, प्राथमिक शाळेच्या बंद फाटकाशी बसलेला सापडला. कडाक्याच्या थंडीत अंगात नुसता शर्ट, पायांत घरातल्या सपाता, खिशात कुठल्याशा जुन्या निवडणुकीचं पोलिंग कार्ड. आमचं मतदान नेहमी त्याच शाळेत असे. अंधारातच तो मत द्यायला निघाला असावा...

इंग्लंडात आल्यावर कॉव्हेंट्रीत आम्ही एकाच कारखान्यात लागलो. माधवला वेड ब्रिटिश पंतप्रधानांचं. मंडळाच्या गणपतीत लोक गाणी म्हणत, हा पंतप्रधानांवर बोले. पहिल्याने वीस वर्षांहून जास्त खुर्ची कशी टिकवली, एकाला पार्लमेंटच्या लॉबीतच गोळी कशी घातली, हे ऐकताना कोणी चहालाही उठत नसे. "आपल्यावर राज्य केलं त्यांनी, अरव्या. त्यांची कुंडली आपल्याकडे नको?" असं मला म्हणायचा. बायको कोणत्या साली गेली हे तो कधी सांगत नसे. कोणाच्या कारकिर्दीत गेली, ते सांगे.

गेल्या वर्षी तो रस्ते चुकू लागला. ब्रिस्टलहून रेणूने सर्जरीत, म्हणजे इथल्या दवाखान्यात, मेमरी टेस्टची अपॉइंटमेंट घेतली आणि त्याला न्यायचं काम माझ्याकडे आलं. पार्किंगमध्ये माधव गाडीतून उतरेना.

"ते आत्ताचा पंतप्रधान विचारतात. मला जुने सगळे येतात रे, आत्ताचाच येत नाही. चुकलो तर रेणू मला म्हाताऱ्यांच्या होममध्ये टाकेल."

"इतके भराभर बदललेत, कोणीही चुकेल," मी म्हटलं, आणि नाव सांगून पाढ्यासारखं घोकून घेतलं. आत बोलावलं तोवर ते निसटलं होतं. दारातच मी पुन्हा कानात सांगितलं.

तरुण डॉक्टरबाईंना माधवने नाव सांगितलं आणि न विचारता तिथून मागे थेट पहिल्यापर्यंत सगळे म्हणून दाखवले. त्या हसल्या. बाकीचे प्रश्नही त्याने कसेबसे निभावले. मग त्यांनी मला विचारलं, रस्ता वगैरे चुकतात का? मी नाही म्हटलं. तो होममध्ये गेला असता तर दर शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडे यायला कोणी उरलं नसतं, हेही खरं आहे.

अंत्यविधीनंतर इथेच वाढलेली रेणू आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "त्या डॉक्टरनी बाबांचा टेस्ट नीट घेतला नाही. मी कम्प्लेंट करते." मी मान हलवली. मंडळातही सगळे त्या बाईंना नावं ठेवू लागले, आणि मी ऐकत राहिलो. त्यांची चौकशी सुरू झाल्याचं कळलं, तेव्हा मात्र राहवेना. गेल्या शनिवारी रेणू माधवचं घर आवरायला आली, तिथे तिला सगळं सांगितलं.

हातातलं खोकं तिने खाली ठेवलं. "रस्ता चुकतात, ते माहीत होता तुम्हाला?"

"होतं."

"मग हे त्यांना लिहून द्या."

"दिलं कालच."

मंडळातल्या सगळ्यांसाठी तेच इथेही लिहितो आहे. डॉक्टरबाईंची चूक नव्हती. त्यांना खोटं सांगितलं गेलं, आणि ते मी सांगितलं.

त्या शनिवारी संध्याकाळी रेणूला स्टेशनवर सोडायला निघालो. माझ्या शेजारची सीट माधवच्या लांब पायांसाठी मागे सरकवलेली आहे, अजून तशीच. रेणूने ते दार उघडलं, सीटकडे पाहिलं, दार हलकेच लावलं आणि मागे जाऊन बसली.