दांडी बसवताना

माझ्या निवृत्तीला लेकीनं नांदेडहून एक खोकं पाठवलं. आत युकुलेले हे गिटारसारखं छोटं वाद्य होतं, म्हणजे अजून व्हायचं होतं. तयार पोकळ पेटी, सुटी दांडी, ती जोडायच्या दोन लाकडी खुंट्या, चार नायलॉनच्या तारा आणि एक कागद. कागदावरचं मराठी मशीननं केलेलं. ‘मानेस शरीरात प्रेमाने ढकला,’ असं लिहिलं होतं. मी अहमदपूरच्या शाळेत उभा जन्म पोरांच्या वह्या तपासल्या. इतकं निर्लज्ज मराठी नापास होणाऱ्यांनीही कधी लिहिलं नव्हतं.

कागद बाजूला ठेवून दांडी पेटीला टेकवून पाहिली. पेटीची कड गोल, दांडीची टाच सपाट. मधून चक्क उजेड दिसत होता. मग पेटीच्या कडेवर पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून ठेवला आणि त्यावर टाच घासत बसले. तीन संध्याकाळी तेच केलं. लाकूड हळूहळू पेटीचा आकार घेऊ लागलं होतं, आणि मला ते काम आवडायला लागलं होतं.

चौथ्या दिवशी थोरला भाऊ आला. दादानं नोकरीभर कचेरीत फायली पुढं सरकवल्या, पण घराण्यात तो इंजिनिअर म्हणून वावरतो. आमचा मिक्सर त्यानं दुरुस्त केला, तेव्हापासून आमच्याकडं मिक्सर नाही. आमच्या गावच्या, जळकोटच्या घराचं दार त्यानं घासलं. आता ते लावलेलं असतानाही खालून मांजर आत येतं.

जयभीम घालून तो बसला आणि म्हणाला, “हे काय खेळणं करून राहिलीस?”

“दांडी बसवतेय दादा. अजून फट आहे.”

“फट हाय म्हणून तर गम असतो. सरक.”

आणि मी सरकले. त्याच्या वागण्यापेक्षा जास्त किळस मला या गोष्टीची येते. आयुष्यभर भूमिती शिकवलेली बाई, भावानं सरक म्हटलं की सरकते.

त्यानं फटीत गम ओतला, खुंट्या ठोकल्या, सायकलच्या जुन्या ट्यूबनं सगळं आवळून बांधलं. “दहा मिनिटांचं काम. उगीच तीन दिवस घातलेस,” म्हणाला, जेवला आणि संध्याकाळच्या एसटीनं नांदेडला आपल्या घरी गेला.

सकाळी मी ट्यूब सोडली. दांडीच्या टोकाच्या मध्यापासून पेटीच्या बुडाच्या मध्यापर्यंत दोरा ताणला. तो पेटीवरच्या गोल भोकाच्या बरोबर मधोमध वरून जायला हवा होता. भोकाच्या काठाला घासून गेला. दादाला फोन लावला.

“इतकं कोण बघतंय बाई? वाजवताना थोडं वाकडं धर.”

मी फोन ठेवला. गम सुटावा म्हणून टाचेवर ओलं फडकं ठेवलं, वर गरम इस्त्री टेकवली. वाफ सुटली. पेटी तडकली तर लेकीला काय सांगायचं? पातळ सुरी फटीत घातली, थांबले, पुन्हा इस्त्री टेकवली. हळूच दांडी सुटली. आत दह्यासारखा गम साचलेला. माणूस जसा बोलतो तसाच गम लावतो, हे त्या दिवशी कळलं.

सगळं खरवडलं. आणखी दोन दिवस घासलं, दर वेळी दोरा ताणून पाहिला. उजेड दिसायचा पूर्ण थांबला तेव्हाच गमाची बाटली उघडली. अगदी पातळ थर दिला. बांधायला मात्र दादाचीच ट्यूब घेतली. ती कल्पना चांगली होती. एवढं मान्य करायलाही माझ्या जिवावर आलं.

महिन्याभरानं युकुलेले घेऊन नांदेडला गेले. लेकीच्या घरी दादा होताच. शेजारच्या बाईंना तो सांगू लागला, “याची दांडी म्या बसवली.”

“हाव, त्यानंच बसवली होती,” मी म्हणाले. “मग मी ती काढली आणि बसवली.”

लेक तोंडाला पदर नसताना पदर असल्यासारखी हसली. दादानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. “वाजव की,” म्हणाला.

मला तेव्हा मोजून दोन सुरावटी येत होत्या. त्यातली एक वाजवली, तीही चुकत.

“लई बेसूर हाय,” दादा शेजारच्या बाईंना म्हणाला. “म्या बसवलेली दांडी काढली ना हिनं, म्हणून.”

चुकली होती माझी बोटं. पण बोटं आणि दांडी यांतला फरक त्याला समजावत बसण्याइतका वेळ मला निवृत्तीनंतरही नव्हता.