मरोळच्या गाळ्यातली खरी वाईन

मरोळच्या त्या गाळ्याचे शटर आम्ही वर केले ती सकाळ काही केल्या मनातून जात नाही. त्या वेळी मी अंधेरी पूर्वेला एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. आदल्या दिवशी ठाण्यात फोन आला होता. नाव न सांगता एक पुरुष म्हणाला, "मरोळच्या गाळ्यातून हॉटेलांना परदेशी लेबलची शॅम्पेन जाते. ती परदेशी नाही. बंद करा ते."

बनावट दारूचे अड्डे मी बरेच पाहिले होते. स्वस्त वाईनमध्ये सोड्याचा गॅस मारायचा आणि बूच ठोकायचे, एवढाच तो धंदा. उत्पादन शुल्क विभागाची माणसे आणि दोन पंच घेऊन आम्ही गेलो. आत गॅसचे मशीन नव्हतेच. भोके पाडलेल्या लाकडी फळ्यांत शेकडो बाटल्या मान खाली करून लावलेल्या होत्या, आणि पन्नाशीचा एक माणूस एकेक बाटली हाताने जराशी फिरवत होता. आम्हाला पाहून तो पळाला नाही. "जपून साहेब, धक्का लावू नका, फुटतात," एवढेच म्हणाला.

तो शिकलेला वाईनमेकर होता. नाशिककडची त्याची कंपनी बंद पडली होती. हॉटेलांना माल पुरवणाऱ्या एका दलालाने त्याला गाळा घेऊन दिला, पण भाडेकरार आणि वीजबिल याच्याच नावावर ठेवले.

चौकशीत तो स्वतःबद्दल तुटक बोले आणि वाईनबद्दल भरभरून. द्राक्षे पुरती गोड व्हायच्या आधीच तोडायची, म्हणजे आंबटपणा राहतो. त्यांची साधी वाईन झाली की बाटलीत थोडी साखर आणि यीस्ट घालून बूच लावायचे. ती बंद बाटलीत पुन्हा आंबते आणि बुडबुडे आतल्या आत मुरतात. मग वर्ष-दीड वर्ष तिला हात लावायचा नाही. पुढे बाटल्या उलट्या लावून रोज थोड्या फिरवल्या की गाळ मानेत उतरतो. मान गोठवून बूच काढले की गाळाचा बर्फ बाहेर उडतो.

"त्या जागी बरेच लोक गोड पाक भरतात," तो म्हणाला. "कच्चेपणा झाकला जातो. मी तीच वाईन भरतो. कोरडी, बिनसाखरेची. तिला लपायला जागा नसते साहेब."

"आणि लेबल?"

तो म्हणाला, "पहिल्या खेपेला माहीत नव्हतं, दलाल परदेशी लेबल लावतो ते. कळलं तेव्हा पुढच्या बाटल्या भरून झाल्या होत्या. त्या टाकून कुठे जाऊ?"

दलाल म्हणाला, मी या माणसाला ओळखतच नाही. दलालाविरुद्ध साक्षीदार हवा होता, म्हणून आम्ही तो निनावी फोन शोधला. नंबर निघाला घाटकोपरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्याचा. तिथल्या वॉर्डात आमच्या आरोपीची बायको होती. ती गाळ्यात त्याच्या हाताखाली काम करी. आतला दाब सोसणाऱ्या नव्या जाड बाटल्या मागितल्या तर दलालाने भंगारातल्या वापरलेल्या पाठवल्या होत्या. एसी बंद पडला त्या दुपारी त्यांतली एक फुटली आणि काच तिच्या डोळ्यात गेली. डोळा गेला.

मी त्याला विचारले, "फोन तूच केलास?"

"हो. तिला घेऊन दवाखान्यात होतो. दलालाला सांगितलं तर म्हणाला, कामाला दुसरी बाई ठेव."

मग मी त्याला माफीचा साक्षीदार करायचे ठरवले. सरकारी वकील तयार झाले. जबाबात फक्त एवढे यायला हवे होते, की दलालाच्या सांगण्यावरून मी बनावट वाईन तयार केली.

"लेबल बनावट आहे, असं लिहा," तो म्हणाला. "वाईन बनावट नाही."

प्रयोगशाळेचा अहवालही तेच सांगत होता. भेसळ नाही, बाटलीतच आंबलेली उत्तम वाईन. पण वकील म्हणाले, "तो शब्द काढला तर दलालावरची केस उभी राहत नाही. आपलाच साक्षीदार माल खरा म्हणाला, तर त्याचा वकील त्याला सोडवून नेईल. समजवा त्याला."

त्याची बायको विक्रोळीच्या घरून डोळ्याला पट्टी बांधून ठाण्यात आली. माझ्यासमोरच त्याला म्हणाली, "अहो, म्हणा ना तेवढं. एका शब्दाचं काय घेऊन बसलात? मी एका डोळ्याने एकटी काय करू?"

तो रडला. पण म्हणाला, "आयुष्यात एक गोष्ट नीट केली गं मी. तीच खोटी म्हणू?"

त्याने सही केली नाही. दलाल पुराव्याअभावी सुटला. विनापरवाना दारू आणि फसवणूक, दोन्ही गुन्हे याच्यावर शाबीत झाले. कोर्टाच्या हुकमाने मुद्देमाल नष्ट करताना मी हजर होतो. बाटल्या फुटत होत्या, फेस गटाराकडे चालला होता आणि भट्टीतून काढलेल्या पावासारखा वास सगळ्या आवारात भरला होता. एरवी नाकाला रुमाल लावणारे पंच या वेळी तो न लावता उभे होते.

शिक्षा संपायच्या आतच तो तुरुंगात हृदयविकाराने गेला. निरोप घेऊन मीच विक्रोळीला गेलो. तिने तो ऐकला आणि दार लावून घेतले.

खोटे बोलून सुटलेली माणसे नोकरीत खूप पाहिली. एक शब्द खोटा बोलायला नकार देऊन आत गेलेला हा एकच. त्याला आत पाठवणाऱ्या आरोपपत्रावर माझी सही आहे. निवृत्तीनंतरही मी ते मनातल्या मनात तपासत असतो. कायद्याने त्यात कुठेही चूक नाही. असती, तर मला थोडे बरे वाटले असते.