फणस कोणाच्या हद्दीत?

लग्नाआधी मी फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट होते, आणि माझ्या सासरच्या घरावर जे संकट आलं ते केवळ त्यामुळेच आलं.

टायपिस्टच्या बोटांना ‘सविनय विनंती विशेष’ लिहायची सवय झालेली असते. मुलुंडला सासरी आल्यावर मी विनंती करणार कोणाला? घरात माणसं चार. मामंजी, सासूबाई, आमचे हे आणि मी. मामंजी पेन्शनीत निघालेले. घर त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतलं होतं आणि मागाहून त्याला एका अंगाने ऐसपैस स्वयंपाकघर जोडलं होतं. त्या स्वयंपाकघरात सासूबाईंचं राज्य. सोवळं इतकं कडक, की कांदासुद्धा आत येताना अपराध्यासारखा येई!

शेजारी परबांचं घर. परबकाका गिरणीतून निवृत्त झालेले मालवणी गृहस्थ. दिवसभरात ‘होय’ आणि ‘नाय’ एवढंच बोलत. बाकी जे काही बोलायचं असेल ते परबकाकी बोलत, आणि ते पार स्टेशनपर्यंत ऐकू येई. आमच्या आणि त्यांच्या घरांमध्ये कुंपण नव्हतं. एक फणसाचं झाड होतं, बस्स. फणस पिकला की जो आधी उठेल त्याचा, असा अलिखित कायदा होता आणि तो छान चालला होता. (कायदा अलिखित असतो तोवर छानच चालतो, हे मला पुढे कळलं.)

त्या वर्षी सासूबाईंनी एक कापा फणस हेरून ठेवला होता. रोज सकाळी जाऊन त्याला टिचकी मारून येत. आणि ऐन पिकायच्या दिवशी बघतात तो फांदी रिकामी आणि फणस परबकाकींच्या ओटीवर, अर्धा कापलेला!

“अहो परबीणबाई, तो फणस आमचा होता!”

“तुमचो?” काकी कोयता हातात घेऊनच उठल्या. “माज्या घोवान लायलो हा तो! विचारा त्येंका!”

परबकाका म्हणाले, “होय.”

“झाड आमच्या जागेत आहे!” सासूबाई.

“तुमच्या जाग्यात? मगे माजो घोव काय लोकांच्या जाग्यात झाडां लावीत फिरता?”

परबकाका म्हणाले, “नाय.”

इथेच सगळं थांबलं असतं. दोन दिवस अबोला, तिसऱ्या दिवशी वाटीभर गरे, असा आमच्याकडच्या भांडणांचा रिवाज होता. पण मी मध्ये पडले.

“आई, भांडायचं कशाला? सरकारी दप्तरात जमिनीचा नकाशा असतो. अर्ज केला की त्याची नक्कल मिळते. हद्द कुठे आहे ते काळ्यावर पांढरं दिसेल!”

(पांढऱ्यावर काळं म्हणायचं होतं. पण तेव्हा कोणी माझी चूक काढली नाही, इतका माझा दरारा!)

सासूबाईंचे डोळे चमकले. “बघा! शिकलेली सून ती ही अशी!”

आमचे हे वर्तमानपत्रामागून म्हणाले, “जाऊ दे ना ग आई, एक फणस तर आहे.”

“तू गप रे!” मायलेकाचं संभाषण तिथेच संपलं. मी त्याच दुपारी अर्ज लिहिला. काय अर्ज होता! खाली ठसठशीत सही, अर्जदार मी.

अर्ज तयार झाला, पण द्यायचा कुठे? मुलुंड तेव्हा नुकतंच मुंबईत घेतलं होतं. आम्ही त्या आनंदात पेढेसुद्धा वाटले होते. मी आणि सासूबाई ठाण्याच्या कचेरीत गेलो. तिथला कारकून अर्जाकडे न बघताच म्हणाला, “मुलुंड? ते आता मुंबईत गेलं. तुमचं दप्तर तिकडे.”

मग दुसऱ्या दिवशी मुंबईकडची कचेरी शोधत आम्ही पार अंधेरीच्या बाजूला गेलो. तिथला कारकून अगदी सज्जन. त्याने आम्हाला बसायला बाक दिलं.

“मुलुंड आलंय आमच्याकडे,” तो म्हणाला. “पण दप्तर नाही आलं.”

“मग ते आहे कुठे?”

“निघालं असेल.”

“अहो, ठाण्याहून निघून कितीसा वेळ लागतो?” सासूबाईंनी विचारलं. “आम्ही सकाळी निघालो, पोहोचलो की!”

“तुम्ही माणसं आहात बाई,” तो म्हणाला. “दप्तराला हुकूम लागतो.”

पुन्हा ठाणं. या खेपेला सासूबाईंनी पिशवीतून डबा काढला आणि कारकुनापुढे साटोऱ्या ठेवल्या. साटोऱ्या खाऊन त्याला आठवलं, की दप्तर अजून मागच्या खोलीतच आहे.

“सर्व्हे नंबर सांगा.”

“तो माहीत नाही,” मी म्हटलं. “तोच बघायला आलोय.”

“नंबर दप्तरात असतो.”

“मग दप्तर बघू या.”

“त्याला नंबर लागतो.”

मी त्याच्याकडे बघितलं. तो शेवटची साटोरी खात होता. सासूबाई म्हणाल्या, “अहो, फणसाचं मोठं झाड आहे बघा, त्याच्या शेजारचं घर म्हणून शोधा ना!” त्याने शांतपणे हात पुसले आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

घरी येऊन मामंजींना नंबर विचारला. “नंबर कशाला हवा?” ते खवळले. “माझी जमीन मला ठाऊक आहे! एक इंच चुकलेला नाही मी!” खरेदीखत होतं, पण ते त्यांनी इतकं जपून ठेवलं होतं की त्यांनाही सापडेना.

शेवटी मी नाइलाजाने एक गोष्ट केली. शत्रूकडे गेले. परबकाकी ओटीवर गरे सुकत घालत होत्या.

“काकी, तुमच्या जागेचा सर्व्हे नंबर काय हो?”

“कित्याक गो?”

“तुमच्यावर अर्ज करायचाय.”

काकींना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आतून कागद आणून त्यांनी तो माझ्यापुढे धरला. “घे लिवन. तुमचो बाजूचोच आसतलो. आणि जाशीत तेवा माका हाक मार. मीय येतंय. माज्यावरचो अर्ज माका बगूक नको?”

तर अशा रीतीने वादी आणि प्रतिवादी एकाच बाकावर बसून ठाण्याला गेल्या. वाटेत दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, माझ्यामार्फत बोलत होत्या. “सूनबाई, तिला विचार, खिडकीशी बसायचंय का?” “सुनबाय, तिका सांग, माका वारो सोसणा नाय.” कचेरीत काकींनी कारकुनाला पहिलाच प्रश्न टाकला, “तुजा गाव खंयचा रे?” तो निघाला कुडाळकडचा! मग काय, नकाशा मागच्या खोलीतून धावतच आला म्हणा ना. धूळ झटकून कारकुनाने तो उघडला. त्यात नुसत्या रेघा. फणस नव्हताच.

“झाडं नसतात नकाशात,” तो म्हणाला. “झाड कुठल्या रेघेत आहे ते बघायचं तर जागेवर मोजणी करावी लागेल. मोजणीचा अर्ज द्या.”

शहाण्या बाईने इथे तरी थांबावं. पण अर्ज म्हटलं की माझे हात शिवशिवत! तिथल्या तिथे लिहून दिला. वर एक ओळ जास्तीची घातली, ‘हद्द कायम करून खुणा रोवून द्याव्यात ही विनंती’. कारकून म्हणाला, “वा! वळणदार अक्षर आहे.” मी लाजले.

मोजणीदार आला तेव्हा निम्मं मुलुंड आमच्या अंगणात जमलं होतं. मामंजी कोट-टोपी घालून खुर्चीवर. सासूबाईंनी मोजणीदाराला सरबत दिलं, परबकाकींनी शहाळं दिलं. त्याने दोन्ही प्यायली आणि मोजणीची साखळी टाकली.

साखळी परबांच्या घराकडून निघाली. फणसाकडे आली. सासूबाई दोन पावलं पुढे सरकल्या. साखळी फणसाला वळसा घालून पुढे गेली. काकी ओरडल्या, “फणस माजो!”

“थांबा बाई,” मोजणीदार म्हणाला, “अजून संपलं नाही.”

साखळी आणखी पुढे आली. आमच्या अंगणात आली. पायरीशी आली. मोजणीदाराने नकाशा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा नकाशा पाहिला.

“हे दार उघडता का जरा?”

“ते स्वयंपाकघर आहे!” सासूबाई.

“तेच म्हणतोय मी.”

साखळी आमच्या स्वयंपाकघरात शिरली! (मागोमाग मोजणीदार, पायांतल्या वहाणांसकट. पण सासूबाईंना तेव्हा ओरडायचंही भान नव्हतं.) चुलीपाशी गेली, चूल ओलांडली, पाट्यावरवंट्याच्या अलीकडे थांबली. तिथे शेणाने सारवलेल्या जमिनीत मोजणीदाराने ठाक ठाक करून खुंटी ठोकली.

“झालं. इथे हद्द.”

“म्हणजे?” मामंजी खुर्चीतून उठले.

“म्हणजे पाटा तुमचा. चूल यांची.”

“आणि देव?” सासूबाई. कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याकडे त्यांनी बोट दाखवलं.

मोजणीदाराने खुंटीकडे पाहिलं, देव्हाऱ्याकडे पाहिलं. “देवही यांच्याच जागेत.”

आमचे हे हळूच म्हणाले, “अप्पा, एक इंच चुकला नव्हतात ना? बरोबर आहे. इंचात नाहीच हे.”

“पण इतकी वर्षं कोणी काही म्हटलं नाही हो!” मी मोजणीदाराला म्हणाले. “तुम्ही एवढं लिहू नका ना.”

“बाई, कोणी विचारलं नसतं तर आम्हीही काही म्हटलं नसतं. आता लेखी विचारलंय. खुणा रोवून द्याव्यात म्हणून विनंती आहे.” त्याने अर्ज उलगडला. “अर्जदार कोण?”

सगळं मुलुंड माझ्याकडे बघायला लागलं.

त्या रात्री आमच्याकडे कोणी जेवलं नाही. परबांनी भिंत पाडायला लावली तर? मामंजी एका दिवसात म्हातारे दिसायला लागले. सासूबाई देव्हाऱ्यासमोर बसून राहिल्या. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं!

सकाळी परबकाकी थेट स्वयंपाकघराच्या दारात. हातात केळीच्या पानाचं पुडकं.

“काय गो, माज्या जाग्यात काय शिजता ता बगूक इलंय.”

“वरण,” मी म्हटलं.

“वरण! माज्या चुलीर?” पुडकं उघडून त्यांनी दाखवलं. आत ताजे, चकचकीत बांगडे! “आज मी हय बांगडे भाजतलंय. जागो माजो, चूल माजी!”

सासूबाई भिंतीला टेकल्या. मी धावत जाऊन पाणी आणलं. पण सासूबाई मोठ्या धीराच्या. पाणी प्यायल्या, पदर खोचला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काकींशी थेट बोलल्या.

“परबीणबाई, फणस तुमचा. सगळा तुमचा. पानं, चीक, आठळ्यांसकट तुमचा. पण माझ्या देवांसमोर बांगडा नको हो. हात जोडते.”

आणि खरंच हात जोडले. काकी एकदम वरमल्या. बांगडे घाईघाईने पदराआड लपवले.

“अगे, हात कसले जोडतंस! मी मस्करी केलंय. माजा नाक काय कापला हा, शेजारणीची चूल मोडूक? देव ऱ्हवांदेत थयच. त्येंका कित्याक हलवतंस?” मग जरा थांबून म्हणाल्या, “पण काल माका न विचारता माज्या जाग्यात सरबत केलंस, ता काय चांगला नाय झाला. साखर कमी होती.”

सासूबाई हसायला लागल्या. हसता हसता रडल्या. पुरुषमंडळींनी मग बसून तोडगा काढला. आमच्या परसातली तेवढीच पट्टी परबांना द्यायची आणि स्वयंपाकघराखालची आम्ही घ्यायची. मामंजींनी विचारलं, “परब, मान्य?”

परबकाका म्हणाले, “होय.” आणि आयुष्यात प्रथमच पुढे बोलले, “पण अर्ज सुनबाय लिवूक नको.”

अर्ज आमच्या ह्यांनी लिहिला. अक्षर गचाळ, भाषा त्याहून गचाळ, पण काम झालं.

माझं नाव मात्र गावात व्हायचं ते झालंच. मुलुंडात हद्दीची, बांधाची, गटाराची भांडणं निघाली की लोक आमचं दार ठोठावू लागले. पहिल्यांदा एक गृहस्थ आले तेव्हा मी हरखलेच. लगबगीने दौत-टाक घेऊन बसले आणि म्हटलं, “बोला, तुमचा अर्ज कसा लिहू?”

“छे छे, माझा नको हो वहिनी!” ते घाबरून म्हणाले. “माझ्यावर तो शेजारचा खटला करतोय ना, त्याला आमच्याकडून तुमचं नाव सुचवलंय. तो आला तर तेवढा त्याचा लिहून द्याल का?”