सहाशे-सोळाचा हट्ट

मामा मनानं वाईट नव्हता, असं त्याच्याबद्दल म्हणायची पद्धत आहे. म्हणणाऱ्यांनी एकदा त्याच्या दुकानात तासभर उभं राहून दाखवावं. डांबरी रस्ता जिथं संपतो आणि डोंगराची वाट सुरू होते, त्या फाट्यावर त्याचं टायरचं दुकान होतं. त्याच्याहून वयानं मोठी माणसंही त्याला मामाच म्हणत, आणि जरा लांबूनच म्हणत. हवेचा पंप सुरू व्हायच्या आधी मामाचा आवाज सुरू व्हायचा आणि पंप बंद झाला तरी तो चालूच असायचा.

एकदा एक हौशी माणूस नव्याकोऱ्या छोट्या जीपला अठरा इंची चकचकीत रिम बसवायला आला. फोनमधला फोटो त्यानं मामाच्या नाकासमोर धरला.

"हे घालून दगडधोंड्यात जाणार?" मामानं विचारलं.

"हो, म्हणजे कधीकधी..."

"अरे शहाण्या, रिम एवढी मोठी केलीस तर रबर उरतं किती? बोटभर! पहिल्याच दगडाला रिम वाकेल आणि रडत माझ्याच दारात येशील. चल, निघ इथून!"

तो बिचारा निघालाच. आता मामाचं म्हणणं खोटं होतं का? नव्हतं. बहुतेक वेळा ते खरंच असायचं, आणि खरी पंचाईत तीच होती. बरोबर असलेल्या माणसाच्या रागाला कोणी लगाम घालत नाही. मग हळूहळू त्या माणसाला वाटायला लागतं की आपण चिडलोय म्हणजे आपलंच बरोबर असणार.

घरात बायको कामापुरतं बोलायची. मुलगा परगावी होता, तो फोन करायचा तो आईला, आणि तोही मामा दुकानात असताना. बहिणीचा नवरा फाट्यावरून जाताना मान दुसरीकडे वळवायचा. भांडायला उरली होती ती एकटी भाची, ठकी. जग तिला गुरांची डॉक्टर म्हणून ओळखायचं, मामाला ती ठकीच होती. ती यायची, दुकानातल्या जुन्या टायरवर बैठक मारायची, मामानं एक सुनावलं की दोन सुनवायची. शेवटी दोघं चहा प्यायची. जगाशी मामाचं जे काही नातं शिल्लक होतं ते या भांडणात होतं. ते तुटलं असतं तर त्याच्याशी बोलायला कुणीच राहिलं नसतं. हे त्यालाही ठाऊक होतं, फक्त तो ते कबूल करत नव्हता.

ठकीनं एक जुनी छोटी जीप घेतली, चारही चाकं ओढणारी. नदीपलीकडच्या वस्तीवर गुरं भरपूर आणि डॉक्टर ती एकटीच. जीपला पंधरा इंची रिम होत्या, टायर पार गुळगुळीत झालेले. मामानं जीप आल्या आल्या जॅकवर चढवली आणि नट सैल करायला सुरुवात केली.

"सोळाची रिम घालतो आणि वर सहाशे-सोळाचा टायर," तो म्हणाला. "रुंदीला सहाच इंच, पण उंच आणि दणकट. अरुंद टायर चिखल कापत खाली जातो आणि घट्ट जमीन धरतो. रुंद टायर नुसता वर घसरत बसतो."

"अरे मामा, चिखल राहिलाय कुठं? वरचा रस्ता दरडीखाली गेला. आता नदीच्या कोरड्या पात्रातून जायला लागतं. नुसती वाळू आहे तिथं. तू पंधराचीच रिम राहू दे आणि वर रुंद टायर घाल, दोनशे पंधरा मिलिमीटरचा. रिम लहान असली की टायरचं पोट मोठं राहतं. हवा कमी केली की पसरतो आणि वाळूवर तरंगतो."

"मला रस्ता शिकवतेस? तू पाळण्यात होतीस तेव्हा मी त्या रस्त्यानं दुधाची गाडी नेत होतो!"

"पण तो रस्ता आता नाहीये!"

"रस्ता काय पळून जातोय कुठं?"

ठकीनं पुन्हा वाळू सांगितली. मामानं पुन्हा चिखल सांगितला, आणखी वरच्या पट्टीत. एरवी ती हटली नसती, पण तेवढ्यात तिला कुठूनसा फोन आला, एक म्हैस अडली होती. "घाल बाबा काय घालायचं ते," म्हणून ती बाकावर बसली. मामानं सहाशे-सोळा चढवले, हवा दगडासारखी टाईट भरली, टायरवर मूठ आपटली आणि विजयी चेहऱ्यानं चहा मागवला. आपण जिंकलो असं त्याला वाटलं. समोरचा थकून गप्प बसला तरी याला ते पटणंच वाटायचं.

महिनाभरानं वस्तीवरून निरोप आला. गाय अडली होती, वासराचा एकच पाय बाहेर आला होता. ठकी होती तशी निघाली. पात्राच्या मधोमध चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि खणल्यासारखी खाली गेली. अरुंद टायर कापायचं काम चोख करतो. त्यानं वाळू कापली आणि जीप आसापर्यंत आत घातली. तिनं हवा कमी करून पाहिली तर टायर रिमवर फिरला आणि आतल्या ट्यूबचा वॉल्व्हच उपटून निघाला. मग ती बॅग खांद्याला लावून उन्हात वाळू तुडवत चालत गेली. पोचली तेव्हा वासरू गेलं होतं आणि गाय शेवटचे श्वास घेत होती.

"चालतच यायचं होतं तर गाडी कशाला घेतली?" गाईची मालकीण म्हणाली. ती ओरडून म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मामाला यातलं काही माहीत नव्हतं. दोन दिवसांनी ठकीची जीप दुकानासमोरून गेली, न थांबता गेली, आणि मामाची नजर आधी चाकांवर पडली. पंधराच्या रिम, वर नवे रुंद टायर. पंचक्रोशीत टायर बसवणारा दुसरा माणूस एकच होता, पेट्रोल पंपाशेजारचा हसऱ्या. गिऱ्हाईक काहीही बोललं तरी हा हसून "बरं" म्हणायचा, म्हणून मामाचं त्याच्याशी वाकडं होतं. मामाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका गिऱ्हाइकाची गाडी जॅकवर तशीच टांगून, हातात हातोडी घेऊन तो तरातरा गुरांच्या दवाखान्याकडे निघाला.

दवाखान्याच्या अंगणात शेळ्या बांधल्या होत्या, फिनेलचा वास येत होता. ठकी नळावर हात धूत होती. मामा तिच्याशी बोललाच नाही, थेट जीपपाशी गेला. स्टिअरिंग एका अंगाला पूर्ण वळवलं, पुढच्या चाकामागे हात घातला, आणि त्याचा चेहरा उजळला. मडगार्डच्या आतल्या कडेवर रबराचा काळा डाग होता.

"घासतंय!" तो गरजला. "बघ! चाक वळवलं की मडगार्डला घासतंय! त्या हसऱ्याला रिम बाहेर किती येते हेसुद्धा मोजता येत नाही. आणि तू गेलीस त्याच्याकडे!"

"माहितेय मला," ठकी म्हणाली. "पूर्ण वळवलं तर थोडं घासेल, असं त्यानं आधीच सांगितलं होतं. मी म्हटलं, चालेल."

"चालेल? आणि माझे टायर काय वाईट होते?"

"तुझ्या टायरवर मी वाळूत रुतले, मामा. गाय आणि वासरू दोन्ही गेलं."

मामानं मडगार्डवरचा हात काढून घेतला. पण सवय जबरी असते, दुसऱ्याच क्षणी त्याला नवं वाक्य सापडलं. "मग माझ्याकडे यायचं होतंस! बदलून दिले असते. मी काय मेलो होतो?"

ठकीनं टॉवेलला हात पुसले. ती चिडली असेल असं त्याला वाटलं होतं, त्यानं तशी तयारीही केली होती. ती चिडलेली नव्हती.

"तुझ्याकडे आले असते तर आधी तुझ्याशी भांडायला लागलं असतं. त्या बाईच्या गोठ्यातून परत आले तेव्हा माझ्यात तेवढी ताकद नव्हती रे. हसऱ्याला म्हटलं, वाळू आहे. तो म्हणाला, बरं. मला तेवढंच हवं होतं."

"मग भांडायचं कशाला? नुसतं सांगायचं!" मामा एवढ्या जोरानं ओरडला की शेळ्या दावी ओढायला लागल्या.

ठकीनं टॉवेल दोरीवर टाकला. "सांगितलं होतं," असं ती म्हणाली असती तर मामानं तिच्याशी तासभर वाद घातला असता. ती तसं म्हणाली नाही. तिनं बॅग उचलून जीपमध्ये टाकली.

"थांब. मडगार्डची कड ठोकून आत घेतो," मामा म्हणाला. आवाज कुठल्या पट्टीत लावावा हे त्याला या वेळी समजेना. "पाच मिनिटांचं काम आहे."

"राहू दे. मला जायचंय."

एरवी जाता जाता एखादा टोमणा मारल्याशिवाय ती कधी जात नसे. आज तिनं जीप फाटकाशी वळवली, चाक मडगार्डला घासल्याचा आवाज आला, मग गाडी सरळ झाली आणि गेली.

मामा अंगणात उभा राहिला. हसऱ्यावर, दरडीवर, त्या नदीवर, कुणावर राग काढावा याची तो मनातल्या मनात यादी करत होता. खरा राग कुणावर आलाय हेही त्याला कळत होतं, म्हणूनच डोळे भरून आले होते. दवाखान्याचा शिपाई बादली घेऊन बाहेर आला, त्यानं मामाचा चेहरा पाहिला आणि काहीच न विचारता तो आल्या पावली आत गेला.