सातव्या वर्तुळावरची मारहाण

ज्या माणसानं माझा हात मोडला, त्याला उत्खननाचं काम मीच शिकवलं होतं.

कन्हान नदीच्या पलीकडे एका गावाच्या माळावर मोठमोठ्या दगडांची बारा वर्तुळं होती. लोहयुगातल्या माणसांनी आपले मेलेले तिथं पुरले आणि भोवती गोल दगड मांडले. मी नागपुरात पुरातत्त्व शिकवायचे. हिवाळा लागला की विद्यार्थी घेऊन माळावर तंबू ठोकायचे. असे चार हंगाम आम्ही काढले आणि सहा वर्तुळं खणली.

मजूर गावातलेच. त्यांत हा एक, तिशीतला, धान निघालं की कामावर येणारा. पहिल्या हंगामात त्यानं नुसती टोपली उचलली. दुसऱ्या हंगामात मी त्याच्या हातात माती खरवडायची करणी दिली, कारण मातीचा रंग बदलला की तो आपणहून थांबायचा. "मॅडम, इथून माती वेगळी होऊन राहिली," एवढंच म्हणायचा, आणि ते नेहमी खरं निघायचं. सहाव्या वर्तुळात घोड्याची कवटी लागली, तेव्हा त्यानं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. दोन दिवस पोटावर पडून ब्रशनं ती मोकळी केली. मी वर्गात त्याचं उदाहरण द्यायचे.

मग उत्खननाची मंजुरी थांबली. मी अहवाल लिहीत बसले, आणि इकडे रस्त्याच्या कामाला मुरूम लागला. आमच्या माळाखाली मुरूमच होता.

एका सकाळी पोलीस पाटलांचा फोन आला की माळावर जेसीबी चालू आहे. मी माझ्या संशोधक विद्यार्थिनीला गाडीत घातलं आणि निघाले. पोचलो तेव्हा उरलेल्या सहांपैकी तीन वर्तुळं संपली होती. दगड ढकलून ढीग केला होता. टिप्परच्या चाकोरीत तांबड्या मडक्यांचा चुरा आणि एक मांडीचं हाड दबलेलं होतं. यंत्र आता सातव्याकडे वळत होतं. मी पळत जाऊन त्याच्या पुढ्यात उभी राहिले. माझी विद्यार्थिनी फोनवर सगळं टिपत होती.

मोटारसायकलींवरून चौघं आले. त्यांत माझा तो मजूर होता. रस्त्याच्या ठेकेदारानं त्याला मुरमाच्या खाणीवर देखरेखीला ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"मॅडम, तुम्ही बाजूले व्हा," तो म्हणाला.

"खाली काय आहे ते तुला माहीत आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे. तुम्ही दोन महिने येता. बाकीचे दहा महिने आम्ही काय करावं, ते सांगा."

तेवढ्यात त्यांच्यातला एक विद्यार्थिनीचा फोन हिसकायला गेला. तिनं सोडला नाही, तर त्यानं तिच्या तोंडावर बुक्की मारली. ती पडली. त्यानं केस धरून तिला दगडांवरून ओढलं. मी धावले आणि त्याच्या पाठीत दगड घातला. वळले तर माझ्या मजुराच्या हातात फावड्याचा दांडा होता. मी डावा हात वर केला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, दुखायला नंतर लागलं. दुसरा फटका बरगड्यांवर बसला आणि मी खाली पडले. मग लाथा. कुणाच्या किती, ते सांगता येणार नाही. तोंडात मुरूम आणि रक्त होतं.

पडल्या जागेवरून मी जेसीबीचं बकेट सातव्या वर्तुळात उतरताना पाहिलं. मडकी फुटली. बांगडी चढवलेलं हाताचं हाड मातीसकट वर आलं आणि टिप्परमध्ये गेलं. मी ओरडले, पण स्वतःच्या मारासाठी नाही.

बाजूच्या बांधीत बाया धान कापत होत्या. त्या विळे घेऊन आल्या. एकीनं जेसीबीची काच दगडानं फोडली आणि ड्रायव्हर कपाळ धरून पळाला. दुसरीनं विद्यार्थिनीला ओढणाऱ्याच्या खांद्यावर विळा मारला. शर्ट फाटून मांस दिसलं. मग चौघंही गेले. बायांनी आम्हाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून कामठीला आणलं, तिथून नागपूर.

विद्यार्थिनीचे दोन दात गेले. माझ्या हातात दोनदा ऑपरेशन करून धातूची पट्टी बसवली. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यानं पहिलं विचारलं ते हे की मी तिथं कुणाच्या परवानगीनं गेले होते.

खोटं कशाला बोलू, खाटेवर पडून मी अहिंसेचा विचार केला नाही. तो दांडा त्याच्या तोंडावर बसावा, असं मला वाटायचं. कॉलेजात परतल्यावर एका मुलीनं खापर पेटीत नीट न ठेवता टाकलं, तर मी तिचं मनगट असं आवळलं की वळ उठले. त्या दिवशी मी वर्ग अर्धा सोडून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी तिची सगळ्यांसमोर माफी मागितली.

साक्षीच्या आठवडाभर आधी त्याची बायको घरी आली. पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुम्ही ओळखलं नाही म्हणा, बाई. त्यानं मारलं नसतं तर ठेकेदाराच्या माणसाइनं त्यालेच मारलं असतं." मला ते खरं वाटलं. तरी मी नाही म्हटलं. ती भांडली नाही, पदर सावरून जिना उतरली.

कोर्टात वकिलानं विचारलं की, तोंड मातीत असताना कोण मारतंय हे मला कसं कळलं. मी सांगितलं, पहिला फटका मी उभ्यानं खाल्ला. मग बोट करून त्याला दाखवलं. त्याला शिक्षा झाली. ठेकेदाराचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं, तो सुटला. विळा मारणाऱ्या बाईवरही केस झाली होती. तिच्या प्रत्येक तारखेला मी गेले, ती निर्दोष सुटेपर्यंत. राहिलेल्या दोन वर्तुळांना आता तारेचं कुंपण आहे, आणि राखण तीच करते.

मागच्या वर्षी कामठीहून येताना शेअर ऑटोत बसले, तर समोर तो. केस पिकलेले. मी उतरले नाही, तोही उतरला नाही. त्यानं माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "हात कसा आहे, मॅडम?"

"चालतो," मी म्हटलं.

त्याला आणखी काही बोलायचं होतं, असं मला वाटलं. मी विचारलं नाही. नाक्यावर तो उतरून गेला.