दुसरा ढेकर

पंपमामांचा सगळा जन्म हवेत गेला. हवा भरायची, ती कुठून निसटते ते शोधायचं, ठिगळ लावायचं आणि पुन्हा भरायची. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणायचं ते आपलं तोंडदेखलं. वर पत्रा, खाली एक धापा टाकणारा कॉम्प्रेसर, पाण्याचं घमेलं आणि जुन्या टायरांची चळत. त्यांचं खरं नाव गल्ली विसरली होती. मामांना तरी ते पटकन आठवलं असतं की नाही, देव जाणे.

मामा कानाचे मात्र तिखट. ट्यूब कानाजवळ फिरवली की हवा कुठून जातेय ते त्यांना कळे. पाण्यात बुडवायची ती फक्त खात्रीसाठी. आणि अशा माणसाला घरातल्या वीतभर जिवाच्या पोटातली हवा काढता येऊ नये! मामा आतल्या आत खजील झाले होते.

दुकानाच्या मागेच त्यांच्या दोन खोल्या. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा ट्रकवर, बाळ घरी आलं त्याच आठवड्यात त्याला लांबची खेप लागली. सुनेची आई येऊन राहिली, पण तिचा स्वतःचा नवरा अंथरुणाला खिळलेला, ती तरी किती थांबणार? मग घरात उरले ते एक थकलेली सून, एक थकलेला सासरा आणि थकायचं नाव न घेणारं बाळ.

बाळ हावरट. दूध असं गटागटा प्यायचं, जसं काही कुणी ओढूनच नेणार आहे. दुधाबरोबर हवाही गिळायचं, मग पाय पोटाशी घेऊन ताठ व्हायचं आणि प्यालेलं बाहेर. दवाखान्यातल्या नर्सताईंनी बजावून सांगितलं होतं, "ढेकर काढल्याशिवाय आडवं करायचं नाही. खांद्यावर घ्या, मान सांभाळा आणि हळूहळू थोपटा." सांगायला काय जातं! ज्याला थोपटावं लागतं त्यालाच कळतं की कधी कधी तो ढेकर म्हणजे उधारी बुडवलेला माणूस, वाट बघून डोळे शिणतात पण यायचं नाव नाही.

मागच्या आठवड्यात सून आंघोळीला गेली आणि बाळ मामांकडे आलं. मामांनी कपड्याच्या साबणाने कोपरापर्यंत हात घासले होते, तरी रबराचा वास काही जाईना. खांद्यावर टॉवेल टाकून त्यांनी बाळाला घेतलं, थोपटलं. आणि काय सांगावं, भरपेट जेवून उठलेल्या पाहुण्यासारखा दणदणीत ढेकर आला. मामा हरखले. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. बाळाला पाळण्यात ठेवून ते लगबगीने दुकानात गेले.

व्हॉल्व्हला हात लावतात तोच आतून सुनेची किंकाळी आली. बाळाच्या नाकातोंडातून दूध आलं होतं आणि चेहरा लालेलाल, ओठ काळसर झाले होते. ओल्या केसांनी धावत आलेल्या सुनेने त्याला उचलून कुशीवर धरलं, तोंड पुसलं. मग ते रडलं. मामा दारात पोचले होते. एरवी नकोसं वाटणारं ते रडणं त्यांना आज हवंहवंसं वाटलं.

सुनेने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मामांनी हात पुढे केला की ती म्हणे, "राहू द्या बाबा, मी बघते." झोपायची तीही पाळण्याकडे तोंड करून, एक हात आत ठेवून. आणि झोप तरी कसली? चहात मीठ पडत होतं, भात लागत होता. काल तर बाळाला घेऊन चालता चालता ती दाराच्या चौकटीवर आदळली. खांद्याला लागलं, बाळ वाचलं. मामांनी ते पाहिलं. आज चौकट होती, उद्या ही पोर बाळासकट खाली कोसळेल. पण सांगणार कोणत्या तोंडाने?

आज दुपारी एक स्कूटरवाला आला. मामांनी भोक शोधलं, ठिगळ लावलं आणि सवयीने ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवली.

"झालं ना मामा? द्या की आता," स्कूटरवाला घाई करू लागला.

"थांबा हो. पुष्कळदा शेजारी दुसरं असतं."

म्हणायला म्हणाले, आणि त्यांचा हात पाण्यातच थांबला. उभ्या आयुष्यात एका भोकावर विसंबून त्यांनी ट्यूब परत केली नव्हती. आणि घरचं बाळ एका ढेकरावर सोडून दिलं होतं.

"तासाभराने या," ते म्हणाले. स्कूटरवाला कुरकुरला. मामांनी हात घासले आणि आत गेले.

सून पलंगाच्या कडेला बसली होती. बाळ खांद्यावर कुरकुरत होतं. तिचा हात त्याच्या पाठीवरून कधीच घसरला होता आणि डोळे मिटून ती मांडीवरच्या उशीला थोपटत होती.

"पोरी," मामा हळूच म्हणाले, "चुकलं माझं. ट्यूब असती तर मी पुन्हा तपासली असती. बाळाला नाही तपासलं. दे माझ्याकडे."

तिने डोळे उघडले. "मला भीती वाटते, बाबा."

"मलाही वाटते. म्हणून तर दे."

विश्वास बसला म्हणून नव्हे, हातात त्राण उरलं नव्हतं म्हणून तिने बाळ दिलं. उशीला डोकं लागायच्या आत ती झोपली, तोंड मामांकडेच ठेवून.

मामा उभे राहिले. मान तळहातावर, पाठीवर दुसऱ्या हाताची बोटं. पहिला ढेकर आला. त्यांनी थोपटणं थांबवलं नाही. गुडघे बोलू लागले. बाहेर "मामा! ओ मामा!" अशा हाका सुरू झाल्या. ओ देण्याची सोय नव्हती. मग केव्हातरी दुसरा ढेकर आला, थोडं दूध घेऊन, आणि ते कोमट ओघळ मामांच्या सदऱ्यात शिरले. बाळ सैल पडलं आणि झोपलं. मामा तसेच या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या घालत राहिले.

खिडकीतलं ऊन पार उतरलं तेव्हा सून दचकून जागी झाली. "ढेकर आला?"

"दोन आले."

"मग अजून खांद्यावर का? खाली ठेवायचं ना!"

"तिसरा असला तर?" मामा म्हणाले.

ती उठायला निघाली होती. ती पुन्हा आडवी झाली. आणि या वेळी भिंतीकडे तोंड करून झोपली.