पितळी भंगार, एक नग

भंगार धातूंच्या चोरीवर शासनाला सल्ला देण्यासाठी नेमलेलं राज्यस्तरीय कृती दल गेल्या वर्षी मार्चमधल्या एका शुक्रवारी दुपारी बंद करण्यात आलं. आदेश एका पानाचा होता. उद्दिष्ट साध्य झाल्यामुळे दलाचं कामकाज संपुष्टात येत आहे, सदस्यांचे आभार, एवढंच त्यात होतं. त्या दुपारी अमरावतीच्या कार्यालयात, दलाच्या लोखंडी कपाटात, एक पितळी व्हॉल्व्ह होता. चांदूर रेल्वे तालुक्यातल्या एका गावाच्या नळयोजनेचा. आदेशात त्याचा उल्लेख नव्हता.

दलात मी पत्रकारांचा प्रतिनिधी होतो. वर्तमानपत्रातून निवृत्त झालं की असली पदं चालून येतात. वीज खात्यातले एक अभियंता, पोलीस खात्यातले एक अधिकारी, अकोल्याचे एक भंगार व्यापारी आणि मी, असे आमच्या भागातले चौघे अमरावतीत बसत असू. सचिव सरकारी अधिकारी होते. डीपीतलं तांबं, विहिरींवरच्या केबली, पुलांचे कठडे, गटारांची झाकणं असं सगळं चोरीला जात होतं आणि जिल्ह्याबाहेर वितळत होतं. आम्ही कामाची म्हणावी अशी एकच सूचना केली. तांबं-पितळ विकायला येणाऱ्याचं नाव, ओळखपत्र आणि मालाचं वर्णन दुकानदाराने वहीत लिहावं. ती वही सक्तीची व्हावी, असा अहवाल तयार होत होता. अकोल्याच्या सदस्यांनी आपल्या दुकानात ती आधीच सुरू केली होती. शेजारचे दुकानदार त्यांना हसत.

व्हॉल्व्ह ज्या गावचा, तिथे पंप चालवण्याचं काम एका बाईंकडे होतं. सकाळी मोटार सुरू करायची, टाकी भरली की गावाला पाणी सोडायचं. पंपघराची किल्ली त्यांच्याकडे असे. आदेशाच्या तीन महिने आधी, डिसेंबरात, पंपघरातला व्हॉल्व्ह आणि केबल गेली. कुलूप जसंच्या तसं होतं. मागच्या पत्र्याचे दोन खिळे नवे होते. ते बाईंनी दाखवले, पण वाकून बघायची तसदी कोणी घेतली नाही. किल्ली यांच्याकडे, म्हणजे चोरी यांनीच केली, असं गावाने दोन दिवसांत ठरवून टाकलं. पंचायतीने मुदत दिली: एक मेच्या ग्रामसभेपर्यंत पुरावा आणा, नाहीतर काम सोडा.

पुरावा त्यांनीच घडवलेला होता. त्यांचे वडील अमरावतीत भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून भांड्यांवर नावं घालायचे. आंदणाचे गुंड, ताटं, तांबे. छिन्नी-हातोडीने ठोकलेली टिंबाटिंबांची अक्षरं. लहानपणी शेजारी बसून बाई ते शिकल्या. नळयोजनेचा नवा व्हॉल्व्ह आला तेव्हा त्यांनी त्यावर नाव घातलं. वर गावाचं नाव, खाली 'पाणीपुरवठा', आणि शेवटी, वडील काढायचे तसं, पाच टिंबांचं फूल.

"आंदनाचं भांडं हाये का थे?" सरपंचांनी तेव्हा विचारलं होतं.

"गावाचं आंदन समजा," बाई म्हणाल्या होत्या. "हरवलं तं नावावरून घरी येते."

फेब्रुवारीत त्या मला शोधत आल्या. दलाच्या सदस्यांची नावं पेपरात छापून आली होती. विकणाऱ्याचं नाव लिहिणारं दुकान आमच्या सदस्यांचं एकच, म्हणून आम्ही बसने अकोल्याला गेलो. मूर्तिजापूरला गाडी थांबली, तेव्हा त्या चहालाही उतरल्या नाहीत. दुकानात पितळेचा ढीग कमरेइतका होता.

"ताई, याच्यात गावोगावचं पितळ हाये," व्यापारी म्हणाले. "कसं ओळखसान?"

"माह्या हातचं हाये, दादा."

त्या खाली बसल्या आणि एकेक तुकडा बोटांनी चाचपू लागल्या. तासाभराने व्हॉल्व्ह सापडला. चक्र तुटलं होतं, अंगावर काळं ऑइल होतं. पदराने पुसल्यावर फूल दिसलं. व्यापाऱ्यांनी वही काढली. विकणारा वरूडकडचा होता. त्याच दिवशी त्याने आणखी दोन गावांच्या नळयोजनांचं सामान विकलं होतं. त्या पानाची झेरॉक्स त्यांनी व्हॉल्व्हसोबत बाईंच्या हातात दिली. "घेऊन जा, ताई. यावर माहा हक्क नाई."

व्हॉल्व्ह ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठेवायचा, असं बाईंनी बसमध्ये सांगितलं. मी थांबवलं. पंचायतीत तो पुन्हा नाहीसा होईल. दलात जमा केला तर सरकारी नोंद होईल आणि दलाचं पत्रच गावाला जाईल, असं मी म्हणालो. उभा जन्म सरकारी कागदांच्या बातम्या करण्यात गेलेल्या माणसाचा हा सल्ला होता.

"पोच भेटन का, भाऊ?" त्यांनी विचारलं.

"मी सदस्य आहे, ताई. पोच कशाला?"

व्हॉल्व्ह आणि झेरॉक्स मी माझ्या हाताने कपाटात ठेवली. सचिवांनी कुलूप लावलं. विषय मार्चच्या बैठकीत घ्यायचं ठरलं. बैठकीला चार दिवस उरले असताना आदेश आला.

सोमवारी मी कार्यालयात गेलो. सचिवांची बदली झाली होती. किल्ली कारकुनाच्या ड्रॉवरमध्ये होती. कपाटात एका बाईंची वस्तू आहे, ती द्या, असं मी सांगितलं.

"कोनाच्या हुकमानं उघडू, काका?"

"सचिवांच्या."

"दल अशीन तं सचिव अशीन."

"मग आतली वस्तू कोणाची?"

"दलाची."

"दल कुठे आहे?"

"बरखास्त." त्याने चहाचा घोट घेतला. "अर्ज देऊन ठेवा. मी तुमाले नाई म्हनून राहिलो नाई."

मी अर्ज दिला. पोच घेतली. उत्तर एप्रिलच्या शेवटी आलं: दल अस्तित्वात नसल्याने त्याच्याकडील वस्तूंबाबत निर्णय घेण्यास हे कार्यालय सक्षम नाही. कपाट त्या कार्यालयात होतं, किल्ली त्या कार्यालयात होती, आणि ती फिरवायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पोलीस ठाण्यात गेलो, तर आधी मुद्देमाल आणा, असं त्यांनी सांगितलं. दलातल्या पोलीस अधिकाऱ्यांनी आपण आता त्या विषयात नाही, असं कळवलं. मी अकोल्याला फोन केला. व्यापाऱ्यांनी वही बंद केली होती.

"सक्ती नाई, दल नाई, साहेब. मी एकटाच कावून लिहू? गिऱ्हाईक शेजारी जाऊन राहिलं."

"जुनी वही तरी असेल?"

"रद्दीत गेली."

एक मेच्या ग्रामसभेत मी स्वतः उभा राहिलो. व्हॉल्व्ह सापडल्याचं सांगितलं, अकोल्याच्या दुकानात मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला.

"फोटो तं आजकाल कोनीबी बनवते," मागून एक जण म्हणाला. "वस्तू आना."

"वस्तू सरकारजवळ हाये म्हनते बाप्पा," दुसरा म्हणाला. "मंग चोर सरकारच हाये!"

सभा हसली. बाई हसल्या नाहीत. सरपंचांनी पंधरा ऑगस्टपर्यंत मुदत वाढवली.

सरकारी कचेऱ्यांत मोडक्या खुर्च्या वर्षानुवर्षं जिन्याखाली पडून असतात. दलाची खोली मात्र जुलैत दुसऱ्या एका समितीसाठी हवी होती, त्यामुळे तिथलं सामान काही दिवसांत निकाली निघालं. निरुपयोगी वस्तूंची यादी फलकावर लागली. खुर्च्या, एक पंखा, लोखंडी कपाट. शेवटची नोंद होती: पितळी भंगार, एक नग. म्हणजे कपाट उघडलं गेलं होतं. कोणाच्या हुकमाने, हे मी विचारलं. त्याचं उत्तर आजपर्यंत आलेलं नाही. झेरॉक्सची नोंद यादीत नव्हती. परत द्यायला सक्षम नसलेलं कार्यालय विकायला सक्षम होतं.

लिलावात फक्त परवानाधारक भंगार व्यापाऱ्यांना भाग घेता येत होता. मी लेखी हरकत घेतली. हरकतीची पोच मिळाली आणि लिलाव झाला. सगळं सामान अकोल्याच्या दुसऱ्या एका व्यापाऱ्याने घेतलं. मी त्याच्या दुकानात पोहोचलो, तेव्हा पितळेची गाडी आदल्या संध्याकाळी भट्टीकडे गेली होती. या दुकानात वही नव्हती.

हे सांगायला मी गावात गेलो. बाई पंपघराच्या दारात उभ्या होत्या, आत मोटार चालू होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमी नाई इकलं, भाऊ," त्या म्हणाल्या. "पन माह्या हातातून तुमीच नेलं."

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामसभा भरली. पुरावा सादर न झाल्याने बाईंना कामावरून कमी करण्याचा ठराव हात वर करून मंजूर झाला. बाईंनी कनवटीची किल्ली काढून ग्रामसेवकांच्या टेबलावर ठेवली आणि पोच मागितली. किल्लीची कसली पोच, असं ग्रामसेवक म्हणाले. बाई टेबलासमोरून हलल्या नाहीत. शेवटी ग्रामसेवकांनी कागद घेतला आणि लिहून सही केली: पंपघराची किल्ली, एक नग, मिळाली.